पंचवीस व्हील्सच्या जागी पाच: खासगी हेडर सोडण्याचं एक प्रकरण

आमच्या पॅकेजमध्ये सी भाषेतली एकच फाइल होती, साधारण बाराशे ओळींची. तिला कामं दोनच. पायथन प्रोग्रामने एखादी नोंद केली, की ती कोणत्या फाइलमधून, कोणत्या फंक्शनमधून आणि कितव्या ओळीवरून आली हे टिपायचं. आणि नोंदीचा क्रमांक, जो कितीही मोठा पूर्णांक असू शकतो, तो बाइट्समध्ये बांधून डिस्कवर लिहायचा. हे शुद्ध पायथनमध्येही होतं, पण सेकंदाला हजारो नोंदी करणाऱ्या प्रोग्रामांना ते परवडेना, म्हणून सी.

पॅकेज पाच ठिकाणी चालायला हवं होतं: लिनक्स इंटेलवर आणि आर्मवर, ६४ बिटी विंडोजवर, मॅकच्या इंटेल आणि आर्म अशा दोन्ही यंत्रांवर. पायथनच्याही पाच आवृत्त्या सांभाळायच्या होत्या, ३.८ ते ३.१२. म्हणजे प्रत्येक रिलीजला पंचवीस व्हील्स (व्हील म्हणजे आधीच कंपाइल करून ठेवलेलं, थेट बसवता येणारं पायथन पॅकेज). त्यातलं एक जरी बिल्ड अडकलं तरी रिलीज अडकायचं, आणि एक ना एक अडकायचंच. आज तेच पॅकेज पाच व्हील्समध्ये जातं. हा प्रवास २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू झाला आणि दीड वर्ष चालला. त्यातला बराच काळ आम्ही चुकीच्या दिशेने चाललो होतो. ती दिशा बरोबर का वाटत होती, हे मला इथे नीट मांडायचं आहे.

उघडं होतं म्हणून

हेडर म्हणजे सी कोडला नावं आणि रचना पुरवणारी फाइल; खासगी हेडर हे त्या सॉफ्टवेअरच्या आतल्या वापरापुरतं. सुरुवातीला आम्ही कुठलंही खासगी हेडर वापरत नव्हतो, निदान आमची तशी समजूत होती. चालू असलेल्या प्रत्येक फंक्शन-कॉलची माहिती पायथन ‘फ्रेम’मध्ये ठेवतो. ३.१० पर्यंत पायफ्रेमऑब्जेक्ट या स्ट्रक्टची (सीमधल्या सदस्यांच्या गठ्ठ्याची) संपूर्ण व्याख्या फ्रेमऑब्जेक्ट.एच मध्ये लिहिलेली असे. पायथन.एच ते हेडर आपणहून ओढत नसे, ते वेगळं जोडावं लागे. पण एकदा जोडलं की सगळं समोर: एफ_बॅकने मागच्या फ्रेमवर जा, एफ_कोडमधून फंक्शनचं नाव घ्या, एफ_लाइननो मधून ओळ वाचा. चालू फ्रेम हवी तर थ्रेड स्टेटच्या (चालू थ्रेडची माहिती ठेवणाऱ्या) स्ट्रक्टमधला फ्रेम हा पॉइंटर घ्या. सगळं काम चार बाणांत (बाण म्हणजे सीमधली ->, स्ट्रक्टमधला सदस्य वाचायची खूण).

या सदस्यांबद्दल दस्तऐवजात कोणतंही वचन नव्हतं. स्ट्रक्ट दिसतं आहे, कंपायलर तक्रार करत नाही, एवढ्यावर आम्ही ते सार्वजनिक मानलं. पूर्णांकांचंही तसंच: पायथनचा पूर्णांक आत ‘डिजिट’ नावाच्या तुकड्यांत साठवलेला असतो. आम्ही ओबी_डिजिट ही अ‍ॅरे थेट वाचायचो आणि पाय_साइझ वरून तुकडे किती आणि चिन्ह कोणतं ते काढायचो.

क्यूटी या ग्राफिकल लायब्ररीच्या खासगी हेडरांच्या डोक्यावर एक इशारा असतो. ही फाइल एपीआयचा भाग नाही, ती आवृत्तीगणिक बदलेल किंवा नाहीशीही होईल, असं सांगून शेवटी लिहिलेलं असतं, ‘आम्ही हे खरोखरच म्हणतोय.’ मला तो इशारा फार प्रामाणिक वाटतो. आमच्यासमोर तसा इशारा नव्हता, पण वचनही नव्हतं, आणि वचन नसणं हाच इशारा समजायला हवा होता.

३.११ आणि पहिली मलमपट्टी

ऑक्टोबर २०२२ मध्ये ३.११ आलं. त्यात फ्रेमची अंतर्गत रचना मुळापासून बदलली. फंक्शन बोलावल्यावर आता पूर्ण फ्रेम ऑब्जेक्ट लगेच तयार होत नाही. इंटरप्रिटर एक हलकी अंतर्गत फ्रेम ठेवतो आणि कुणी मागितलं तरच खरं ऑब्जेक्ट बनवतो. पायथनचा वेग वाढण्यामागे हेही एक कारण. पायफ्रेमऑब्जेक्टची व्याख्या त्याच वेळी सार्वजनिक हेडरांतून उठून इंटर्नल या फोल्डरातल्या पायकोअर_फ्रेम.एच मध्ये गेली. आमची फाइल कंपाइल होईना.

पायकोअर_ने सुरू होणाऱ्या प्रत्येक हेडरच्या आरंभी एक तपासणी असते: पाय_बिल्ड_कोअर हा मॅक्रो (कंपाइल करण्याआधी ठरवायचं नाव) ठरवलेला नसेल तर कंपायलरने तिथेच थांबावं. आम्ही तो मॅक्रो ठरवला, अंतर्गत हेडर जोडलं, बाणांची नावं बदलली. लिनक्सवर कंपाइल झालं, चाचण्या हिरव्या झाल्या. दुपारी सुरू केलेलं काम संध्याकाळी संपलं म्हणून आम्ही खूश होतो.

विंडोजवर लिंकरने, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे लायब्ररींशी जोडणाऱ्या प्रोग्रामने, एकूण एक नाव नाकारलं.

कारण शोधायला दोन दिवस गेले. विंडोजवरच्या पायकॉन्फिग.एच मध्ये एक प्राग्मा (कंपायलरला दिलेली सूचना) असते, जी एमएसव्हीसीला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला, परस्पर सांगते की पायथन३११.लिब जोडून घे. एक्स्टेंशन, म्हणजे सीमध्ये लिहिलेलं पायथन मॉड्यूल, लिहिणाऱ्याला लायब्ररीचं नाव द्यावं लागत नाही ते या सोयीमुळे. पण पाय_बिल्ड_कोअर असेल तर ही प्राग्मा गप्प बसते, कारण त्या मॅक्रोचा खरा अर्थ ‘आपण पायथनचा गाभाच बांधतो आहोत’ असा आहे, आणि गाभ्याने स्वतःलाच काय जोडायचं? लायब्ररी हाताने जोडली, तर फंक्शनं सापडली पण पायएक्स्क_व्हॅल्यूएरर सारखे डेटा सिम्बॉल सापडेनात. त्याचंही कारण तेच. त्या मॅक्रोखाली नावांच्या सगळ्या घोषणा (डिक्लरेशन्स) ‘आयात’ऐवजी ‘निर्यात’ म्हणून उलगडतात. फंक्शनांचं त्यावाचून निभावतं, डेटाचं निभावत नाही.

विंडोजची बाजू सांभाळणारी आमची सहकारी तेव्हा म्हणाली, “आपण पायथनला सांगतोय की आपणच पायथन आहोत. लिनक्स ऐकून घेतो, विंडोज विचारतो की मग तुझी डीएलएल कुठाय?” (डीएलएल म्हणजे विंडोजवरची, प्रोग्राम चालताना जोडली जाणारी लायब्ररी.) या प्रकरणाचं मर्म तिने त्या दिवशीच सांगितलं होतं. आम्ही मात्र पाय_बिल्ड_कोअर_मॉड्यूल हा दुसरा मॅक्रो शोधून काढला, ज्याने आयात पूर्ववत होते, आणि पुढे निघालो.

पुढे म्हणजे मॅकवर. तिथे कंपाइल झालं, लिंकही झालं, पण इम्पोर्ट करताना एक अंतर्गत फंक्शन सापडत नाही म्हणून मॉड्यूल कोसळलं. आम्ही जोडलेल्या हेडरमधलं एक इनलाइन फंक्शन आतून दुसऱ्या फंक्शनला बोलवत होतं, आणि ते दुसरं निर्यातच केलेलं नव्हतं. ३.९ पासून लिनक्स-मॅकवर पायथन फक्त मुद्दाम खुणा केलेलीच नावं बाहेर दाखवतो. विंडोजचा लिंकर असलं न सापडणारं नाव बांधतानाच पकडतो. मॅक आणि लिनक्सवर एक्स्टेंशन बांधताना न सापडलेली नावं तशीच सोडून देतात, त्यामुळे चूक वापरकर्त्याच्या यंत्रावर उघडी पडते. लिनक्सच्या आमच्या चाचण्यांत ती दिसली नव्हती, म्हणून त्या हिरव्या होत्या.

खासगी हेडर पुढच्या आवृत्तीत बदलेल, ही भीती सगळ्यांनाच ठाऊक असते. आम्हाला नव्याने कळलं ते वेगळं होतं. खासगी हेडर हे त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या बिल्डसाठी लिहिलेलं असतं. कोणत्या प्लॅटफॉर्मवर काय निर्यात होतं, कोणती लायब्ररी जोडली जाते, कोणता कंपायलर आहे, ही सगळी गृहीतकं त्यात मुरलेली असतात. ते वापरणं म्हणजे त्या बिल्डचा पाचही प्लॅटफॉर्मवरचा संसार डोक्यावर घेणं. पुढची आवृत्ती येण्याआधीच, त्याच आवृत्तीत, पॅकेज बहुप्लॅटफॉर्म राहत नाही.

३.१२: कंपाइल झालं, पण चुकीचं बोलू लागलं

ऑक्टोबर २०२३. या वेळी फ्रेमचा भाग एकही ओळ न बदलता कंपाइल झाला. आम्ही वापरत होतो ती सदस्यनावं ३.१२ मध्ये तशीच होती, फक्त स्ट्रक्टमधला क्रम बदलला होता. पूर्णांकाचा भाग मात्र अडला. ओबी_डिजिट आता लाँग_व्हॅल्यू नावाच्या आतल्या स्ट्रक्टमध्ये गेलं होतं. आम्ही मधे एक नाव वाढवलं, कंपायलर शांत झाला, रिलीज गेलं.

आठवड्याभरात दोन तक्रारी आल्या. पहिलीत क्रमांक चुकीचे लिहिले जात होते आणि कधी कधी प्रोग्राम कोसळत होता. पाय_साइझ आम्ही तसंच ठेवलं होतं. ३.११ पर्यंत पूर्णांकाच्या त्या जागेवर तुकड्यांची संख्या असे, ऋण संख्येसाठी ऋण. ३.१२ ने त्याच जागेवर एक टॅग ठेवला: खालच्या तीन बिटांत चिन्ह वगैरे, त्यांच्या वर तुकड्यांची संख्या. म्हणजे एका तुकड्याच्या धन संख्येसाठी तिथे १ऐवजी ८ दिसतं. आमचा कोड एका तुकड्याच्या जागी आठ तुकडे वाचत होता, सात शेजारच्या मेमरीतले. ऋण संख्या तर ऋण राहिल्याच नव्हत्या. पायथनच्या डीबग बिल्डमध्ये, जिथे जास्तीच्या आतल्या तपासण्या चालू असतात, पाय_साइझला पूर्णांक दिला तर तिथेच असर्शन फुटतं. आम्ही डीबग बिल्डवर चाचण्या चालवत नव्हतो.

दुसरी तक्रार जास्त सोशिक माणसाची होती. नोंदींत भलत्याच फंक्शनचं नाव येतं, पण कधीकधीच. सॉर्टेड या फंक्शनला ‘की’ म्हणून दिलेल्या फंक्शनातून नोंद केली, की दोन पायऱ्या मागचा कॉलर चुकतो. सी कोडमधून पायथन फंक्शन बोलावलं जातं तेव्हा ३.१२ त्या दोघांच्या मधे एक स्वतःची अंतर्गत फ्रेम पेरतो, जिला वापरकर्त्याच्या कोडशी काही देणंघेणं नाही. सार्वजनिक फंक्शनं तिला वगळतात. आम्ही बाणावरून बाणावर उड्या मारत होतो, म्हणून ती मोजत होतो.

या दोन्ही चुकांचा दोष पायथनकडे नव्हता. कंपायलरने अडवलं तेव्हा त्याने आमच्यावर उपकारच केले होते. त्याचा आवाज बंद करणं ही आमची दुरुस्ती होती.

बाणांची नव्हे, प्रश्नांची यादी

त्यानंतर आम्ही नवं काम थांबवलं आणि फाइल घेऊन बसलो. आधी काढलेली यादी ‘कोणकोणती खासगी नावं वापरतो’ अशी होती. ती सतरा नावांची झाली आणि तिच्याकडे पाहून हातपाय गळाले, कारण सतरांपैकी अर्ध्यांना समोरासमोर पर्यायच दिसेना. मग यादी पुन्हा लिहिली, या वेळी ‘या नावाकडून आपल्याला काय विचारायचं आहे’ अशी. सतरा नावांमागे प्रश्न निघाले चार: आत्ता कोण चालू आहे? त्याला कोणी बोलावलं? ते कोणत्या ओळीवर आहे? हा पूर्णांक किती आहे?

पहिल्याचं उत्तर पायथ्रेडस्टेट_गेटफ्रेम. ते ३.९ मध्ये आलं आणि ३.१० पासून स्टेबल एबीआयमध्ये आहे. स्टेबल एबीआय म्हणजे पीईपी ३८४ या पायथनच्या सुधारणा-प्रस्तावाने ३.२ पासून आखलेली चौकट: फक्त तिच्यातली नावं वापरून बांधलेलं एक्स्टेंशन पुढच्या ३.क्ष आवृत्त्यांवर पुन्हा न बांधता चालतं. कोड मिळवायला पायफ्रेम_गेटकोड, तेही ३.१० पासून त्या चौकटीत. दुसऱ्या प्रश्नाचं पायफ्रेम_गेटबॅक हे उत्तर सार्वजनिक आहे पण चौकटीत नाही. तिथे आम्ही साधा रस्ता घेतला: फ्रेम हे पायथनचं ऑब्जेक्ट आहे, एफ_बॅक हे त्याचं दस्तऐवजात लिहिलेलं अ‍ॅट्रिब्यूट आहे, ते अ‍ॅट्रिब्यूट म्हणूनच विचारायचं. फंक्शनचं नाव आणि फाइलचं नाव यांचंही तसंच, कारण चौकटीत कोड ऑब्जेक्टचं स्ट्रक्ट झाकलेलं असतं. अ‍ॅट्रिब्यूटांची नावं मॉड्यूल सुरू होतानाच एकदा स्ट्रिंग म्हणून बनवून ठेवली, म्हणजे दर वेळी बनवायला नकोत.

तिसऱ्या प्रश्नाने मला खरोखर खजील केलं. एका वापरकर्त्याने फार पूर्वी कळवलं होतं की ओळ क्रमांक नेहमी फंक्शनच्या पहिल्या ओळीचाच येतो. आमच्या चाचण्यांत तसं होत नव्हतं, म्हणून आम्ही तो इश्यू ‘पुनरुत्पादन होत नाही’ म्हणून बंद केला होता. आता कळलं ते असं. ३.९ पर्यंत एफ_लाइननो ही जागा फ्रेम बनताना फंक्शनच्या पहिल्या ओळीने भरली जायची आणि ट्रेसिंग (ओळीगणिक पाळत) चालू असेल तरच पुढे सरकायची. आमच्या चाचण्या कायम कव्हरेज (कोणत्या ओळी चालल्या ते) मोजत चालायच्या, म्हणजे ट्रेसिंग चालू. वापरकर्त्याकडे ते बंद. त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. ३.१० मध्ये तीच जागा शून्य येऊ लागली तेव्हा आम्ही कोडमध्ये लिहिलं होतं: शून्य असेल तर पायफ्रेम_गेटलाइननंबर ला विचार. योग्य सार्वजनिक फंक्शन आमच्याच फाइलमध्ये, एका इफच्या आत, वर्षभर बसून होतं. ते फंक्शन ३.१०च्या कितीतरी आधीपासून उपलब्ध होतं. इफ काढला आणि तो जुना इश्यू पुन्हा उघडून, माफी मागून, दुरुस्तीसह बंद केला.

पूर्णांक, आणि डिस्कवर सांडलेलं हेडर

चौथा प्रश्न सगळ्यात खोल गेला. ओबी_डिजिट वाचून आम्ही ते तुकडे जसेच्या तसे फाइलमध्ये लिहीत होतो. तुकड्याची रुंदी ६४ बिटी बिल्डवर ३० बिट. पण ३.११च्या आधी ३२ बिटी बिल्डवर ती मुळात १५ बिट असे, आणि तुकडा चारऐवजी दोन बाइटांत बसे. कुणीतरी ३२ बिटी आर्म बोर्डावर आमचं पॅकेज सोर्सवरून बांधलं होतं, ३.९ वर. तिथे लिहिलेली फाइल सर्व्हरवर उघडली तर क्रमांकांच्या जागी कचरा. पायथनच्या आतला एक तपशील आमच्या फाइल फॉरमॅटमध्ये उतरला होता, लोकांच्या डिस्कवर, जिथून तो परत बोलावता येत नाही. हेडर बदललं तर कोड पुन्हा लिहिता येतो. आधीच लिहिल्या गेलेल्या फाइली कोण पुन्हा लिहिणार?

फॉरमॅटची दुसरी आवृत्ती केली: टू’ज कॉम्प्लिमेंट (ऋण संख्याही बिटांत मांडायची नेहमीची पद्धत), लहान बाइट आधी, लांबी पुढे लिहिलेली. लिहिण्याचा मार्ग दोन पदरी. ६४ बिटांत बसणाऱ्या संख्यांसाठी पायलाँग_अ‍ॅजलाँगलाँगअँडओव्हरफ्लो. इथे ‘लाँगलाँग’ मुद्दाम, कारण सीचा साधा लाँग ६४ बिटी विंडोजवरही चारच बाइटांचा असतो, लिनक्स-मॅकवर आठांचा. त्याहून मोठ्या संख्यांसाठी पूर्णांकाचीच टू_बाइट्स ही पायथन मेथड बोलवायची. ती हळू आहे, पण तिथपर्यंत क्वचितच जावं लागतं.

एका योगदानकर्त्याने अंडरस्कोअरवालं _पायलाँग_अ‍ॅजबाइटअ‍ॅरे सुचवलं. वेगवान आहे आणि खूप पॅकेजेस वापरतात, असं त्याचं म्हणणं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण अंडरस्कोअर हा पायथनमध्ये खासगीपणाचाच शब्द आहे, म्हणून नको म्हटलं. ३.१३ मध्ये त्या फंक्शनला एक पॅरामीटर वाढला.

जुन्या फाइलींसाठी शुद्ध पायथनमध्ये वाचक लिहिला. तुकड्याची रुंदी सिस.इंट_इन्फो मधून सार्वजनिकरीत्या मिळते. आम्ही ती पहिल्या फॉरमॅटमध्ये लिहून ठेवली असती तर काहीच अडलं नसतं. ठेवली नव्हती, म्हणून रूपांतर करताना वापरकर्त्यालाच पर्याय निवडावा लागतो.

नवे खड्डे

सार्वजनिक रस्त्यालाही खड्डे होते. थ्रेड स्टेटमधला जुना पॉइंटर उसना होता, तो सोडायचा प्रश्न नव्हता. नव्या फंक्शनांतून मिळणारी फ्रेम आणि कोड ही दोन्ही मालकीची रेफरन्स असतात, म्हणजे ऑब्जेक्ट कितीजण धरून आहेत या मोजणीत आपली भर पडते; वापरून झाल्यावर पाय_डेकरेफ करावंच लागतं. एका त्रुटीच्या वाटेवर आम्ही ते विसरलो. फ्रेम जिवंत राहिली की तिची सगळी लोकल व्हेरिएबल्सही जिवंत राहतात, त्यामुळे गळती दिसते तेव्हा अवाढव्य दिसते. त्यासाठी लिहिलेली चाचणी मला अजून आवडते: फंक्शनमध्ये एक ऑब्जेक्ट बनवा, त्याचा वीकरेफ (ऑब्जेक्टला जिवंत न ठेवणारा रेफरन्स) बाहेर ठेवा, नोंद करा, फंक्शनमधून परता. वीकरेफ मेलेला असलाच पाहिजे.

चौकटीत स्टॅटिक टाइप (सी फाइलमध्येच कायमचा लिहिलेला) चालत नाही, तो पायटाइप_फ्रॉमस्पेक ने हीपवर (चालताना घेतलेल्या मेमरीत) बनवावा लागतो. ३.८ पासून अशा टाइपचं प्रत्येक ऑब्जेक्ट आपल्या टाइपचा एक रेफरन्स धरून ठेवतं. डीअ‍ॅलॉकमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट नष्ट करणाऱ्या फंक्शनमध्ये, तो सोडला नाही तर टाइपची मोजणी वाढतच जाते. ही चूकही आम्ही केली.

पण सगळ्यात शिकवून गेली ती टॅगची चूक. एबीआय३ व्हीलसाठी, म्हणजे स्टेबल एबीआयवर बांधलेल्या व्हीलसाठी, तीन गोष्टी तीन वेगळ्या जागी सांगाव्या लागतात: सी कोडमध्ये पाय_लिमिटेड_एपीआय हा मॅक्रो, सेटअपटूल्स या बांधणीच्या साधनाच्या एक्स्टेंशनमध्ये पाय_लिमिटेड_एपीआय हा पर्याय, आणि व्हीलच्या नावातला सीपी३१०-एबीआय३ हा टॅग. तिन्ही एकमेकांना तपासत नाहीत. आम्ही मॅक्रो लिहिला खरा, पण पायथन.एच जोडण्याच्या ओळीखाली. तिथे त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. परिणामी फाइलचं नाव एबीआय३, आतला माल ३.१० पुरता.

लिनक्सवर हे व्हील ३.१२ वर निमूट लोड झालं, कारण नावं चालू प्रोसेसमधूनच सापडतात. चाचण्याही निघून गेल्या, आणि हे निघून जाणंच धोक्याचं होतं: मॅक्रो आणि इनलाइन फंक्शनांतून ३.१०ची स्ट्रक्ट रचना आमच्या बायनरीत गोठलेली होती. विंडोजवर मात्र इम्पोर्ट तत्काळ पडलं. मॅक्रो लागू असता तर प्राग्माने पायथन३.लिब जोडलं असतं आणि मॉड्यूलने पायथन३.डीएलएल मागितली असती, जी पुढे त्या त्या आवृत्तीकडे नेते. तो नसल्याने मॉड्यूल पायथन३१०.डीएलएल मागत होतं. या प्रवासात दुसऱ्यांदा विंडोजने ती चूक दाखवली जी लिनक्स पोटात घालत होता. माझी स्वतःची विकासाची सवय लिनक्सवरची आहे. या दोन प्रसंगांनंतर मी बदल आधी विंडोजच्या रनरवर (चाचण्या चालवणाऱ्या यंत्रावर) पाहतो.

आता सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या बिल्ड आणि चाचण्यांत, तीन पहारे आहेत. अंतर्गत फोल्डरातलं हेडर, पाय_बिल्ड_कोअर किंवा अंडरस्कोअरने सुरू होणारं पायथनचं नाव सोर्समध्ये दिसलं की बिल्ड पडतं. तयार व्हीलवर एबीआय३ऑडिट चालतं, जे बायनरीतली नावं खरोखर चौकटीतलीच आहेत का ते पाहतं. आणि सगळ्या चाचण्या एकदा डीबग पायथनवर, एकदा कव्हरेजशिवाय चालतात.

किंमत

फुकट काहीच मिळालं नाही. ३.११ पासून फ्रेम ऑब्जेक्ट मागितलं की ते बनवावं लागतं, आणि आमची प्रत्येक नोंद ते मागते. अ‍ॅट्रिब्यूट शोधणं हे स्ट्रक्टमधल्या बाणापेक्षा महाग. डिस्कवर लिहिणाऱ्यांना फरक जाणवला नाही, कारण डिस्कच हळू. मेमरीत नोंदी साठवणाऱ्या एका गटाला जाणवला, आणि त्यांनी तो मोजून दाखवला. त्यांच्यासाठी कॉलर न टिपण्याचा पर्याय दिला, आणि टिपायचाच असेल तर मागितली तेवढीच खोली चालायची असा बदल केला. आधी आम्ही गरज नसतानाही पूर्ण साखळी चालत होतो, बाण स्वस्त होते म्हणून.

३.८ आणि ३.९ मुख्य शाखेतून गेले. जुन्या शाखेत त्यांच्यासाठी फक्त चुका दुरुस्त केल्या. त्या आवृत्त्यांवर नसलेली नवी फंक्शनं पायथनकॅपी-कॉम्पॅट या हेडरने पुरवली, जे जुन्या पायथनसाठी नव्या सार्वजनिक फंक्शनांच्या आवृत्त्या देतं. नव्या शाखेच्या मेटाडेटात किमान पायथन ३.१० लिहिलं, त्यामुळे जुन्या पायथनवर पिप (पॅकेज बसवणारं साधन) आपोआप जुनं रिलीज निवडतो. कुणाचंच काही मोडलं नाही, पण दोन शाखा सांभाळण्याचा भार पुढे आमच्यावर राहिला.

३.१३ आलं तेव्हा

ऑक्टोबर २०२४ मध्ये ३.१३ आलं. त्यात अंतर्गत फ्रेमचं एफ_कोड हे सदस्य एफ_एक्झिक्युटेबल झालं, प्रेव्ह_इन्स्ट्रचं इन्स्ट्र_पीटीआर झालं, आणि चालू फ्रेमपर्यंत नेणारा सीफ्रेम हा मधला दुवाच गेला. आमचा जुना कोड या तिन्हींवर उभा होता. नवं व्हील मात्र महिने आधी बांधलेलं होतं. सीआयमध्ये यादीत ३.१३ वाढवलं, सीआयबिल्डव्हील या व्हील बांधणाऱ्या साधनाने तेच व्हील उचलून त्याच्यावर चाचण्या चालवल्या, पाचही प्लॅटफॉर्मवर हिरव्या. सोर्समध्ये एक अक्षर बदललं नाही. विंडोजवाल्या सहकारीने रिलीजच्या टिपणात लिहिलं, ‘३.१३ चालतं. काही करावं लागलं नाही.’

एक बाजू उघडी आहे. ३.१३ सोबत जीआयएल (एका वेळी एकच थ्रेड पायथन कोड चालवेल असं पाहणारं कुलूप) नसलेलं बिल्डही आलं, आणि त्याच्यावर लिमिटेड एपीआय, म्हणजे स्टेबल एबीआयसाठी वापरायची नावं, चालत नाही. तिथे वेगळी व्हील्स बांधावी लागतात. सोर्स तोच वापरतो, फक्त मॅक्रो न ठरवता, आणि सगळी नावं सार्वजनिक असल्याने तो कंपाइल होतो. पण मॉड्यूल जीआयएलशिवाय चालू शकतं असं पाय_मॉड_गिल या स्लॉटमधून जाहीर केलं नाही, तर इम्पोर्ट होताच इंटरप्रिटर जीआयएल पुन्हा चालू करतो. तसं जाहीर करण्याआधी आमच्या लेखन-बफरला कुलूप लागलं पाहिजे. ते काम सध्या हातात आहे, आणि तोवर आम्ही तो स्लॉट भरलेला नाही.